भाडेकरारावर तिचं नाव

आखातात नोकरी असलेल्या माणसाच्या बायकोला आपल्याकडे नशीबवान समजतात. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा दुबईला असतो' एवढं वाक्य उच्चारलं की बाकीचे प्रश्न आपोआप मागे पडतात. पगार किती, फ्लॅट केवढा, गाडी कोणती, एवढं विचारून होतं. मुलगी तिथे कोणत्या हक्काने राहणार, तिचं नाव कोणत्या कागदावर असणार, हे कोणी विचारत नाही. वडील विचारत नाहीत, आई विचारत नाही, आणि खुद्द मुलीलाही तो प्रश्न सुचत नाही. माझं मत असं की पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि तो विचारताना व्हिसाइतकंच घराच्या भाडेकरारावर बोट ठेवायला हवं. असं का म्हणते ते जरा विस्ताराने सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर चार वर्षं मी ठाण्याच्या एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम केलं आणि २०१५ साली नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला गेले. २०२१ मध्ये आम्ही परत आलो. तेवढ्या काळात तीन घरं बदलली, तिन्ही भाड्याची. आता मी पुन्हा तेच काम करते. केंद्रात येणाऱ्या बायकांमध्ये महाड, श्रीवर्धन, खेड, चिपळूणकडच्या पुष्कळजणी असतात. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखातात जात आली आहेत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कॉम्प्युटर इंजिनिअरची पदवीधर बायकोही बसलेली असते. दोघींची भाषा वेगळी, राहणी वेगळी, धर्म वेगळा. अडचण मात्र बघता बघता एकाच जागी येऊन थांबते. घर त्याच्या नावाचं आणि तिचा व्हिसाही त्याच्या नावावर.

कोकणात 'कफील' हा शब्द घरोघर माहीत आहे. आखातात परदेशी माणसाला राहायचं तर कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागते. नोकरी करणाऱ्या पुरुषाची हमी मालक घेतो, आणि त्याच्या बायकोची हमी तो स्वतः घेतो. म्हणजे घरातला पुरुष हा बाहेर एकाचा आश्रित आणि घरात दुसरीचा कफील. तिच्या व्हिसाची मुदत त्याच्या व्हिसापलीकडे जाऊ शकत नाही. मी गेले तेव्हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत असत. त्यावर प्रायोजक म्हणून नवऱ्याचं नाव होतं, माझ्या व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' असं छापलेलं होतं आणि काम करायला परवानगी नाही अशी नोंद होती. दोन पदव्या आणि चार वर्षांचा अनुभव असा एका ओळीत मिटला. २०२२ पासून तो कागद चिकटवणं बंद झालं आणि एमिरेट्स आयडीच राहण्याचा पुरावा धरला जाऊ लागला. कार्ड छोटं झालं, पण हमीची पद्धत तीच राहिली.

मुळात बायकोला बोलावणं हेही प्रत्येकाला परवडत नाही. कुटुंब आणायचं तर महिन्याला किमान ४००० दिरहम पगार हवा, किंवा ३००० दिरहम आणि राहायची जागा. २०१९ सालापर्यंत पगाराबरोबर माणसाचा हुद्दाही बघत. साइटवर काम करणारा, लेबर कॅम्पमध्ये राहणारा माणूस या हिशेबात बसतच नाही. त्याची बायको गावी सासूसासऱ्यांजवळ राहते आणि त्याला दोन वर्षांतून एकदा पाहते. तिची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. इथे मी तिच्याबद्दल बोलते आहे, जिला तिकडे जायला मिळालं.

जायच्या आधी कागद जमवावे लागतात. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आधी मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा आणखी एक, आणि वर अरबी भाषांतर. यात आपल्या मराठी बायकांची खास कोंडी होते ती नावामुळे. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. बापाचं जातं, नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तर पहिलं नावही तांदळाच्या ताटात नवं लिहिलं जातं. मग पदवीच्या दाखल्यावर एक बाई, विवाहाच्या दाखल्यावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी. या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, परत शिक्के. माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीला नवऱ्यामागोमाग जायला सात महिने लागले, त्यातले पाच या तीन नावांनी खाल्ले. नवऱ्याचं नाव जन्मापासून एकच असल्याने त्याचा कागद कुठेच अडला नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. हे मी आता प्रत्येक मुलीला सांगते, आणि बहुतेकींना ते तेव्हा पहिल्यांदाच कळतं.

आता घराकडे येते, कारण गाठ तिथेच आहे.

दुबईत भाडेकरार सरकारदरबारी नोंदवावा लागतो. २०१० पासून या नोंदणीला 'इजारी' म्हणतात, म्हणजे 'माझं भाडं'. इजारी नसेल तर वीज-पाणी मिळत नाही, आणि कुटुंबाच्या व्हिसालाही हाच कागद लागतो. भाडं दरमहा देण्याची रीत नाही. वर्षाचे चार, दोन किंवा एकच चेक पुढच्या तारखांचे आधीच लिहून द्यायचे. चेकबुकासाठी बँकेत खातं हवं, खात्यासाठी व्हिसा आणि पगाराचं पत्र हवं. हे सगळं फक्त नवऱ्याकडे असतं, कारण तो आधी गेलेला असतो. बायकोचा व्हिसा निघायला घर आधी ठरलेलं लागतं, म्हणजे ती विमानात बसायच्या आधीच करारावर सह्या झालेल्या असतात. यात नवऱ्याचा काही दुष्टपणा नाही. पद्धतच अशी लावलेली आहे की सहीच्या वेळी बायको त्या देशात नसतेच.

ती आल्यावर मात्र सगळे कागद तिच्या हाती येतात. टायपिंग सेंटरच्या रांगेत ती उभी राहते. मुलांचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती काढून आणते. रक्ततपासणीची आणि छातीच्या एक्स-रेची वेळ ती घेते. व्हिसा संपायच्या तारखा, पासपोर्ट संपायच्या तारखा, चेक वटायच्या तारखा फ्रिजवरच्या कागदावर ती लिहून ठेवते. गळका नळ, बिघडलेला एसी, नातूर (इमारतीच्या वॉचमनला तिथे असंच म्हणतात), मालकाचा एजंट, सगळ्यांशी बोलणारी तीच. मी समाजकार्याच्या शिक्षणात कार्यालयांशी पत्रव्यवहार कसा करावा हे शिकले होते, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग या सहा वर्षांत झाला. आणि या कामाला नाव काय? 'गृहिणी'.

आमच्या दुसऱ्या घरमालकाने एकदा मोबाइलवर निरोप पाठवला, घर विकायचं आहे, दोन महिन्यांत खाली करा. दुबईचा भाडेकायदा भाडेकरूच्या बाबतीत बराच समंजस आहे. मुदत संपल्यावर विकण्यासाठी घर खाली करून हवं असेल तर मालकाने १२ महिने आधी, नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यायची असते. भाडं वाढवायचं किंवा अटी बदलायच्या तर ९० दिवस आधी सांगायचं असतं. भांडण झालंच तर २०१३ पासून भाडेतंट्यांसाठी वेगळं केंद्र आहे. मी हे सगळं वाचलं होतं. कलमांसकट उत्तर लिहिलं आणि पाठवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: करार तुमच्या नावाचा नाही, मिस्टरांना बोलायला सांगा. संध्याकाळी माझाच मजकूर नवऱ्याने स्वतःच्या नावाने पाठवला. दुसऱ्या दिवशी मालक नरमले, आणि आम्ही त्या घरात आणखी सव्वा वर्ष राहिलो. गंमत म्हणून ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत असू. मला तेव्हाही ती गंमत वाटली नव्हती. कायदा मालकाच्या बाजूने नव्हताच, तो भाडेकरूच्या बाजूने होता. फक्त मी भाडेकरू नव्हते.

नोकरीचंही तसंच. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला काम करता येतं, पण त्यासाठी कामाचा वेगळा परवाना लागतो, आणि माझ्या वेळी कागदपत्रांत नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं गेलं. विशेष मुलांच्या एका केंद्रात मला अर्धवेळ काम मिळालं तेव्हा नवऱ्याने ते हसत हसत लिहून दिलं. चांगला नवरा असला की ही पद्धत बोचत नाही, हीच तिची खुबी आहे. माणूस चांगला आहे म्हणून कागद चालतो. माणूस तसा नसेल, किंवा माणूसच नसेल, तेव्हा काय?

माणूस नसण्याचे प्रकार मी तीन पाहिले.

एक २०२० साली पाहिला. महासाथीत नोकऱ्या गेल्या. नवऱ्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा रद्द होतो, आणि त्याच्याआधी बायकोमुलांचे व्हिसा रद्द करावे किंवा तात्पुरते थांबवून ठेवावे लागतात. आमच्याच मजल्यावरच्या कुटुंबाने मे महिन्यात बायको आणि दोन मुलांना 'वंदे भारत'च्या विमानाने पाठवून दिलं. मागे राहिले पुढच्या तारखांचे दोन चेक. तेव्हा चेक न वटणं हा तिथे सरसकट गुन्हा होता. जानेवारी २०२२ मध्ये त्यात मोठी सूट आली. करार मोडल्याबद्दल दोन महिन्यांचं भाडं, सोफा आणि वॉशिंग मशीन मिळेल त्या भावाला. ज्यांचं घर कंपनीने दिलेलं होतं त्यांची तर नोकरी, व्हिसा आणि छप्पर एका पत्राने गेलं.

दुसरा प्रकार आमच्या केंद्रात सर्वांत जास्त येतो. बाळंतपणासाठी, नाहीतर सासूच्या आजारपणासाठी बायकोला गावी पाठवतात. मग परतीचं तिकीट लांबत जातं. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलं की राहण्याचा परवाना साधारणपणे बाद होतो. नवऱ्याला काही करावंच लागत नाही. भांडण नाही, नोटीस नाही, नुसतं 'पुढच्या महिन्यात बघू'. गेल्या वर्षी आलेल्या एका बाईजवळ त्या घराची किल्ली होती. एवढाच तिच्याजवळचा पुरावा. विजेचं बिल नाही, कराराची प्रत नाही, इमारतीचा नंबरही नक्की आठवत नव्हता. ती त्या पत्त्यावर चार वर्षं राहिली होती हे दाखवायला कागदाचा एक चिटोरा नव्हता. पोटगीच्या अर्जात नवऱ्याचा पत्ता लिहायचा असतो, तिथेच आमचं पेन थांबलं. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे; तिथेही पहिला प्रश्न पत्त्याचाच असतो. अशा लग्नांच्या नोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. २०२४ मध्ये विधी आयोगाने सर्वंकष कायदा करावा अशी शिफारस केली.

तिसरा प्रकार मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा. इथे अमिरातीच्या सरकारने २०१८ साली एक चांगला निर्णय घेतला, तो मान्य केला पाहिजे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर किंवा घटस्फोटानंतर बाईला आणि मुलांना कोणाच्या हमीशिवाय एक वर्ष राहायची मुभा मिळाली. मुलांची शाळा पुरी होते, देणीघेणी मिटवता येतात. पण अर्जाला काय जोडायचं? मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला, पोट भरण्याची ऐपत असल्याचा पुरावा, आणि घराचा पुरावा. घराचा पुरावा म्हणजे पुन्हा तोच करार, जो त्याच्या नावाचा आहे. मृत्यूच्या बाबतीत निदान कायद्याचा आधार आहे: भाडेकरू वारला तरी करार मोडत नाही, वारसांकडे जातो. पण वारस ठरेपर्यंत नवऱ्याचं बँक खातं गोठलेलं असतं आणि पुढचा चेक त्याच खात्याचा असतो. घटस्फोटात तर एवढाही आधार नाही. ज्याच्यापासून ती वेगळी झाली त्याच्याच भाडेकराराची प्रत तिने कोणत्या तोंडाने मागायची? व्हिसाची मुदत आणि सवलतीचे दिवस संपले की दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो.

म्हणून मी भाडेकराराचा आग्रह धरते. व्हिसाचा नियम बदलणं आपल्या हातात नाही. तो त्यांचा देश, त्यांचा कायदा. भाडेकरारात मात्र, मालक राजी असेल तर, दोघांची नावं भाडेकरू म्हणून घालता येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईच्या भूमी खात्याने घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं नोंदवायला सांगितली, तेव्हा कित्येक बायकांचं नाव पहिल्यांदा घराच्या कागदाशी जोडलं गेलं. 'सोबत राहणारी' म्हणून का होईना. सोबत राहणारीला भाडेकरूचे हक्क नाहीत, पण निदान ती तिथे राहत होती हे आता लपवता येत नाही.

हे सगळं ऐकून आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, शेखांच्या राज्यात दुसरं काय होणार! मला हे म्हणणं मान्य नाही. आपल्या सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत? शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून नवऱ्यांना विनवावं लागलं, की बाबांनो, बायकोच्या नावाने थोडी जमीन करा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख ठरली, तरी रेशन दुकानात 'मालक कुठेत?' हा प्रश्न अजून ऐकू येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचं ठरलं आहे. या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या झाल्या त्या कोणीतरी वर्षानुवर्षं मागितल्या म्हणून. तिकडे गेलेली मराठी बाई परक्या देशात पाहुणी असते, तिने मोर्चा काढायचा नाही. तिला मागायचं असेल तर ते घरातल्या घरात, नवऱ्याकडे, आणि निघण्यापूर्वी मागावं लागतं.

आणि हो, आपण अवलंबित म्हणून रडताना एक दुसरी बाई विसरू नये. त्याच फ्लॅटमध्ये घरकामाला राहणारी बाई असते, केरळची, श्रीलंकेची, फिलिपाइन्सची. तिचा कफील आपलंच कुटुंब असतं. तिचा पासपोर्ट काढून घेणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. तरी 'सांभाळून ठेवलाय' असं म्हणत तो आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या सुशिक्षित मराठी गृहिणी मी पाहिल्या आहेत. ज्यांना स्वतःच्या व्हिसाचा काच कळतो त्यांना हा का कळू नये, मला उलगडत नाही.

मुलींना मी काय सांगते ते थोडक्यात लिहिते. कराराची, इजारीची, वीजबिलाची, नवऱ्याच्या आणि स्वतःच्या व्हिसाची प्रत माहेरी ठेवा. विवाहाच्या दाखल्याच्या शिक्के मारलेल्या दोन प्रती करा. भारतात स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं चालू ठेवा. तिकडेही खातं उघडा, त्यात थोडे दिरहम का असेनात. गावी येताना आपला पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडी स्वतःजवळ ठेवा, आणि परवाना बाद होण्याची तारीख पाठ असू द्या. करार नवा करायची वेळ आली की दोघांचं नाव घालायला सांगा. मालक नाही म्हणाला तर निदान नवऱ्याने मागितलं होतं का, ते कळेल.

यावर सासरची माणसं एकच म्हणतात: म्हणजे आमच्या मुलावर विश्वास नाही? गेल्या महिन्यात रोह्याच्या एका मुलीच्या आईने केंद्रातच याला उत्तर दिलं. ती म्हणाली, तुमच्या मुलाने घरमालकाला चार चेक लिहून दिलेत, त्यावर का नाही म्हणालात की विश्वास ठेवा म्हणून? मुलीचा होणारा नवरा तिथेच बसला होता. तो म्हणाला, विचारून बघतो. करार ऑक्टोबरमध्ये व्हायचा आहे.

आखातात राहून आलेल्या किंवा सध्या तिथे असलेल्या मैत्रिणींनी करारावर आपलं नाव घालून घेतलं असेल, तर ते कसं जमलं, मालक काय म्हणाला, नवरा काय म्हणाला, हे अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. केंद्रात येणाऱ्या मुलींना सांगायला मला अशी उदाहरणं हवी आहेत. सध्या माझ्याजवळ दोनच आहेत.